पाय टेकतात का?

...आणि वर मला म्हणते कशी, ‘घ्या की खुशाल नवी मोटरसायकल.’ खुशाल, बरं का. नुसतं ‘घ्या’ नाही. तुम्हाला सांगतो, आमच्या लग्नाला तीस वर्षं झाली. या तीस वर्षांत मी नवा पंखा म्हटलं तर ‘जुना फिरतोय ना?’, नवा पट्टा म्हटलं तर ‘एक भोक पुढे पाडून घ्या’, आणि त्या दिवशी मी काही न मागता, काही न बोलता, खुर्चीत निमूटपणे चहा पीत बसलेलो असताना ही बाई भाजी निवडता निवडता, मान वर न करता म्हणते, खुशाल. तुम्ही म्हणाल, यात संशय घेण्यासारखं काय आहे. म्हणा. तुम्ही वजनमापं खात्यात नव्हता.

मी होतो. चौतीस वर्षं, निरीक्षक म्हणून. दुकानात शिरायचं, तराजू तपासायचा, वजनं उलटी करून बघायची. पारड्याच्या पोटाला चिकटवलेलं मेण मी पाहिलंय, आतून कोरलेलं किलोचं वजन पाहिलंय, टोकाला नखाएवढी छाटलेली मीटरपट्टी पाहिलीये... आणि एक गोष्ट शिकलोय. दुकानदार ‘या, तुमची कटकट आलीच का आज’ म्हणाला की समजायचं तराजू बरोबर आहे. आणि ‘या साहेब, बसा साहेब, काय थंड घेणार’ म्हणाला की बसायचं नाही, आधी मीटरपट्टी मागायची. जिथे गोडवा जास्त, तिथे माप कमी. आता बायको ‘खुशाल’ म्हणाल्यावर माझं काय झालं असेल, सांगा तुम्हीच.

बरं, हे एकच असतं तर मी सोडून दिलं असतं. तिचं काय, ती एका लॅबमध्ये असते, रक्त तपासतात तिथे, बावीस वर्षं काउंटरवर बसून लोकांचं रक्त काढते. हात इतका हलका की सुई टोचून, रक्त काढून, कापूस लावून झाला तरी लोक डोळे मिटून विचारतात, ‘कधी टोचणार?’ म्हणजे समोरच्याला पत्ता न लागू देता काम उरकायची तिला सवयच आहे. हे मी तेव्हाच लक्षात घ्यायला हवं होतं.

पण त्याआधी दोन महिने दुसरंच काहीतरी चाललेलं. माझी जुनी मोटरसायकल, बावीस वर्षांची, लिटरला अठ्ठेचाळीस किलोमीटर द्यायची. अठ्ठेचाळीस म्हणजे अठ्ठेचाळीस, मी तिला सांगून ठेवल्यासारखी. ती एकदम एक्केचाळीसवर आली. सात किलोमीटर गेले कुठे? मी सरळ पेट्रोल पंपावर. म्हटलं, काढ तुझं पाच लिटरचं माप, माझ्यासमोर भर. पंपवाला म्हणाला, ‘काका, तुम्ही रिटायर झालात ना?’ मी म्हटलं, मी झालोय, माप रिटायर होत नसतं. त्याने भरलं. मागे सहा गाड्या हॉर्न वाजवतायत आणि मी वाकून त्या मापाच्या मानेवरची रेघ बघतोय. बरोबर निघालं. थेंबाचा फरक नाही. मला तर जास्तच संशय आला.

मग मेस्त्रीकडे गेलो. हा मेस्त्री बावीस वर्षं माझी गाडी दुरुस्त करतोय. त्याने कार्ब्युरेटर उघडला, बंद केला, आणि म्हणाला, ‘साहेब, हिच्यात आता दम राहिला नाही. नवी बघा.’ मी म्हटलं, काय? म्हणाला, ‘नवी बघा. हलकी बघा. जरा बसकी बघा.’ आणि हे बोलताना तो एकच पाना तीनदा पुसत होता. आता मला सांगा, जो माणूस ज्या गाईच्या दुधावर जगतो, तो आपण होऊन म्हणेल का की गाय काढून टाका? आणि बसकी का? माझी उंची सहा फुटांना पाऊण इंच कमी. बसकी गाडी मी काय करू, लोळू तिच्यावर? तुम्ही म्हणाल, मेस्त्रीच्या बोलण्यात संशय घेण्यासारखं काय आहे. म्हणा, म्हणा.

मध्यंतरी बायकोचा पाय मुरगळला. घोट्याला पट्टी बांधून आली. काय झालं, तर म्हणे जिन्यावरून पडले. कुठल्या जिन्यावरून? म्हणे आपल्याच. आमच्या जिन्याला तीन पायऱ्या आहेत हो. त्यावरून पडायचं म्हटलं तरी माणसाला आधी वर चढून नीट तयारी करावी लागेल.

पण पाणी कुठे मुरतंय ते मला कळलं एका संध्याकाळी. कळलं म्हणजे, कळलं असं वाटलं. बायको गॅलरीत मुलीशी फोनवर बोलत होती. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी असते, रोज फोन करते, त्यात काही नाही. पण ही हळू आवाजात बोलत होती. आमची ही फोनवर बोलते तेव्हा पलीकडच्या माणसाला फोनची गरज नसते, इतका मोठा आवाज. आणि त्या दिवशी कुजबुज. मी वाळत घातलेल्या चादरीमागे उभा राहिलो. चोरून ऐकत नव्हतो, चादर वाळली का बघत होतो. तर ही म्हणते, ‘नाही गं, बाबांना काही कळलेलं नाही. इतक्यात सांगायचंच नाही त्यांना. आधी गाडीचं होऊ दे.’

वाळलेली चादर मी पुन्हा पिळायला घेतली. कारण हे मी ओळखतो. माणूस जाणार असला की घरचे त्याला काही सांगत नाहीत आणि मागेल ते देतात. खुशाल! त्या ‘खुशाल’चा अर्थ हा होता. लॅबमध्ये असते ती, दोन महिन्यांपूर्वी माझं रक्त तिनेच तपासायला नेलेलं, आणि रिपोर्ट आणून म्हणाली होती, ‘सगळं छान आहे.’ छान! रिपोर्ट कधी छान असतो का? नॉर्मल असतो.

दुसऱ्या दिवशी मी गुपचूप आमच्या डॉक्टरकडे. म्हटलं, डॉक्टर, स्पष्ट सांगा, मी ऐकून घेईन. त्यांनी सगळं तपासलं, छाती, पाठ, जीभ, आणि म्हणाले, ‘तुम्हाला काहीही झालेलं नाही.’ मी म्हटलं, असं सांगा म्हणून तुम्हाला कोणी सांगितलंय? त्यांनी चष्मा काढला, माझ्याकडे बघितलं, आणि बेल दाबून पुढच्या पेशंटला आत बोलावलं. तुम्हीच सांगा, उत्तर का टाळलं?

त्या आठवड्यात मी घरातल्या किल्ल्या कुठली कशाची ते चिठ्ठ्या लावून ठेवल्या. कपाटाचा वरचा खण आवरला. बायको म्हणाली, ‘आज काय सुचलं?’ मी म्हटलं, असंच. तिला त्रास नको म्हणून. मग म्हटलं, चल, बघू या तुझ्या त्या गाड्या. तर ती लगेच ओढणी खोचून... लगेच, हो. चप्पल तर आधीच पायात होती.

आता शोरूम. काचेचा दरवाजा, आत बर्फासारखा गारवा, आणि आत शिरता शिरता एक टाय लावलेला तरणा गडी धावत आला. ‘या सर, वेलकम सर, सर तुमची गरज काय आहे?’ मी म्हटलं, मोटरसायकल. ‘नाही सर, म्हणजे गरज. रोजचं किलोमीटर? एकटे की डबल? चढ असतो का? सामान असतं का?’ मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि बाजूने बायको म्हणते, ‘रोज तीस-पस्तीस. बहुतेक एकटंच. चढ आहे. सामान आहे.’ मी तिच्याकडे बघतच राहिलो. रिटायर माणूस मी, रोज पस्तीस किलोमीटर कुठे जाणार? आणि कसला चढ? मला एवढंच वाटलं की, बिचारी भांबावली आहे.

मला एक गाडी आवडली. उंच, काळी, रुंद टाकी, तिच्यावर बसलो तर कसा सरळ पाठीने बसलो. टायवाला म्हणाला, ‘शोभते सर.’ आणि बायको म्हणाली, ‘पाय टेकतात का?’ मी म्हटलं, टेकतात म्हणजे काय, बघ की. ती म्हणाली, ‘तुमचे टेकतात हो...’ मग ती कोपऱ्यातल्या एका गाडीपाशी गेली. सरळ. इकडेतिकडे न बघता, मधल्या चौदा गाड्या ओलांडून. छोटीशी, बसकी, निळी. मला म्हणते, ‘हिच्यावर बसून बघा.’

बसलो. गुडघे हँडलला लागले. हँडल वळवलं तर गुडघा बाहेर काढावा लागला, तेव्हा कुठे वळलं. टायवाला म्हणतो, ‘परफेक्ट, सर.’ कुठून परफेक्ट? लहान मुलांच्या पाळण्यात बसलेला हवालदार दिसत होतो मी. बायको विचारतेय, ‘वजन किती? सेल्फ स्टार्ट थंडीतही लागतो ना? मागे डबा बसेल ना?’ मी म्हटलं, कसला डबा? म्हणाली, ‘असाच.’ टायवाल्याने विचारलं, ‘केवढा, मॅडम?’ तर म्हणाली, ‘सव्वाचौदा लांब, दहा रुंद, अकरा उंच.’

मी तिथेच खिशातल्या टेपवर हात ठेवला. टेप माझ्या खिशात असतोच. तुम्हाला सांगतो, ‘असाच’ डबा असता तर माणूस हाताने दाखवतो, एवढा म्हणून. फार तर म्हणेल फूटभर. सव्वाचौदा म्हणजे तो डबा कुठेतरी आहे. तो कोणीतरी मोजलेला आहे. माझ्या घरात माझ्याशिवाय कोणीतरी काहीतरी मोजलं, आणि ते पाव इंचापर्यंत बरोबर मोजलं, आणि मला सांगितलं नाही. तुम्ही म्हणाल, डब्यात काय संशय घ्यायचा. आता तरी म्हणू नका.

तेवढ्यात ती म्हणाली, ‘उतरा. मी जरा बसून बघते. फोटोसाठी.’

उतरलो. ती बसली. ती पाच फुटांना पाऊण इंच कमी, आमच्या लग्नाच्या फोटोत तिला खोक्यावर उभं केलंय. पण त्या गाडीवर ती बसली आणि दोन्ही पाय जमिनीला लागले. आणि मी मोबाईल काढून फोटोसाठी वाकतोय तोच... तिचा डावा हात क्लचवर गेला. डावा पाय गिअरवर. खाली न बघता तिने पायाच्या अंगठ्याने गिअर अलगद अर्धा उचलला, टिक, न्यूट्रल, आणि गाडी पुढेमागे हलवून खात्री करून घेतली.

तीस वर्षं मागे बसणारी बाई न्यूट्रल शोधत नाही हो.

आणि तो टायवाला, भला माणूस, म्हणाला, ‘मॅडम, मागच्या वेळी क्लच कडक वाटत होता ना, तो सैल करून ठेवलाय.’

मागच्या वेळी.

पाण्याच्या मशीनशेजारी एक बाक होता, त्यावर जाऊन बसलो. ती आली आणि शेजारी बसली. टायवाल्याला काय समजलं कोण जाणे, तो लांब जाऊन एक गाडी पुसू लागला, जी आधीच चकचकीत होती.

‘काउंटर बंद होणार आहे,’ ती म्हणाली. ‘पुढच्या महिन्यापासून. लोक फोनवरून वेळ घेणार आणि लॅबचं माणूस घरी जाऊन रक्त घेणार. ज्याला गाडी चालवता येते तो राहील. बाकीच्यांना घरी बसवतायत.’

‘आणि तो डबा...’

‘बर्फाचा. त्यात रक्ताच्या बाटल्या ठेवायच्या.’

‘गाडी कोणी शिकवली?’

‘मेस्त्रींनी. त्यांच्या गॅरेजमागे मोकळी जागा आहे ना, तिथे. तुम्ही दुपारी झोपलात की आपली गाडी घेऊन जायची, पहिल्या गिअरात घिरट्या घालायच्या. उंच आहे हो ती फार. एकदा कलली आणि माझा पाय पोचला नाही, पडली घोट्यावर.’

सात किलोमीटर! आणि मी त्या बिचाऱ्या पंपवाल्याला... जाऊ दे. मी म्हटलं, ‘आणि मुलीला फोनवर सांगत होतीस, मला कळू द्यायचं नाही म्हणून?’

‘हेच की.’

‘मला वाटलं, मी मरतोय.’

ती माझ्याकडे बघायला लागली. ‘कशाने?’

‘ते... कळलं नव्हतं अजून.’

ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. मी विचारलं, ‘मला का नाही सांगितलंस?’

‘सांगितलं असतं तर काय म्हणाला असतात?’

उत्तर जिभेवर तयारच होतं. ‘राहू दे गं. पुष्कळ केलंस. बस आता घरी, मी आहे ना.’ आणि तुम्हाला खरं सांगतो, हे मी रागाने नसतं म्हटलं, तिला कमी लेखून नसतं म्हटलं, अगदी प्रेमाने म्हटलं असतं. सगळी गोची तिथेच होती.

‘तुम्ही तसं म्हणाला असतात,’ ती म्हणाली, ‘आणि मी ऐकलं असतं. बसले असते घरी. म्हणून नाही सांगितलं.’

पाण्याचं मशीन गडगडलं. मग मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, ‘स्कूटर का नाही बघितलीस? सोपी असते.’

‘तुम्ही घेऊ दिली असती? स्कूटर म्हणजे चाकं लावलेली खुर्ची, कोण म्हणतं? आणि मला टेकडीवरची घरं दिलीयेत. तिथले खड्डे बघितलेत का? मेस्त्री म्हणाले, छोटं चाक आख्खं आत जाईल.’

मग ती उठली. टायवाल्याकडून हेल्मेट घेतलं आणि मला विचारलं, ‘जाऊन येऊ?’ विचारलं म्हणजे काय, किल्ली फिरवून झाली होती. शोरूमच्या फाटकातून बाहेर पडली, डावीकडे हात दाखवला, वळली आणि दिसेनाशी झाली.

दोन मिनिटं झाली. पाच झाली. टायवाला म्हणाला, ‘सर, आत एसीत बसा.’ मी म्हटलं, नको. आठ झाली. कुठून तरी जोरात ब्रेक लागल्याचा आवाज आला, ट्रकचा होता, तरी मी फाटकापर्यंत धावत जाऊन आलो. टायवाला म्हणाला, ‘मॅडम मागच्या वेळीही लांब गेल्या होत्या.’ मी म्हटलं, तू गप्प बस. बारा मिनिटं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मापांवर संशय घेतला, पण रस्त्याच्या एका वळणावर डोळे लावून असा कधी उभा राहिलो नव्हतो. तेराव्या मिनिटाला निळा ठिपका दिसला.

फाटकाशी उतार आहे. तिथे गाडी थोपवली आणि दोन्ही पाय टेकले. टाचांसकट. हेल्मेट काढलं, केस सगळे विस्कटलेले, नाक लाल. कशी चालवली वगैरे तिने मला विचारलंच नाही. म्हणाली, ‘दुसऱ्या गिअरला जरा ओढते. पहिल्या सर्व्हिसिंगला सांगायला हवं.’

मी टेप काढला. सवय आहे, काय करणार. टायवाल्याला म्हटलं, तुझ्या पत्रकात सीटची उंची काय लिहिलीये? त्याने सांगितली. मी गाडी सरळ उभी करायला लावली, गुडघे टेकून मोजली. एकदा. परत एकदा. पाच मिलिमीटर कमी निघाली. टायवाल्याचा चेहरा पडला, ‘सर, तक्रार करणार का?’ मी म्हटलं, नाही रे बाबा. चौतीस वर्षांत पहिल्यांदा माप कमी निघालं आणि मला बरं वाटलं. हीच दे.

तर अशी घेतली. ती आता रोज सकाळी सहाला निघते, टेकडीवर जाते, लोकांना न समजता टोचून येते. जुनी गाडी मेस्त्रीने नेली. दम नाही म्हणाला होता ना? स्वतः रोज तिच्यावरून हिंडतो, चढावरही सुसाट जातो. यातही पाणी मुरतंय, पण आता कोण बघणार. आणि नवीवर मी बसलो की गुडघे आडवे येतात, वळता येत नाही, सरळच जावं लागतं. म्हणून मग कुठे जायचं असलं की मी मागे.

गेल्या सुट्टीला पहिल्यांदाच तसे निघालो. तिने हेल्मेट घातलं, मी मागे बसलो, पाय कसेबसे दुमडले आणि माझ्या लक्षात आलं की मागे बसल्यावर हात कुठे ठेवायचे हे मला माहीतच नाही. पुढे हँडल असतं. मागे काय असतं? मी म्हटलं, ‘अगं, थांब जरा. इथे धरायचं काय?’

‘मी तीस वर्षं धरत होते तेच.’

‘म्हणजे काय?’

‘जीव. मुठीत.’

आणि सोडला तिने क्लच. धरलाय हो. सध्या तेवढंच आहे माझ्या हातात.